मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात?

रात्री दोन-अडीचला जाग येते. हात जड झालेला असतो, बोटांत मुंग्या, कधी जळजळ. उठून बसायचं, हात झटकायचा, पलंगाच्या कडेला लोंबता सोडायचा. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं आणि परत झोप लागते. वाचकांच्या पत्रांत हे वर्णन इतक्या वेळा येतं की पुढची ओळ न वाचताही सांगता येते. घरात निदान आधीच झालेलं असतं. सासूबाई म्हणतात वात, शेजारी म्हणतात मानेचा मणका, मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप हातात ठेवतो आणि ज्यांना शुगर आहे ते म्हणतात, ‘माझंही अस्संच सुरू झालं होतं.’

यातलं कुणीही बरोबर असू शकतं, म्हणूनच गोंधळ होतो. तो सोडवायला तीन प्रश्न पुरतात: कुठल्या बोटांना, कुठल्या वेळी, आणि बधिरपणा पूर्ण जातो की थोडा मागे राहतो? डॉक्टरांकडे जाण्याआधी या तिन्हींची उत्तरं तयार ठेवा.

आधी बोटं मोजा

कागदावर हात ठेवून पेन्सिलीनं त्याचा आकार काढा, पुढून आणि मागून. आठवडाभर मुंग्या येतील तेव्हा तेवढाच भाग रंगवा. ‘सगळा हात बधिर होतो’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कागद समोर आला की लक्षात येतं, करंगळी त्यात नाहीच.

- अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू: मनगटातली मीडियन नस दबल्याची ही खूण. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तळहाताच्या मधल्या कातडीची संवेदना यात बहुधा शाबूत असते, कारण तिच्याकडे जाणारी नसेची छोटी फांदी मनगटातल्या बोगद्यातून (कार्पल टनेल) न जाता वरून जाते.
- करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू: ही अल्नर नस. ती मनगटाशी ‘गियॉन’ नावाच्या मार्गात दबू शकते. तासन् तास सायकलच्या हँडलवर भार देणाऱ्यांना, तळहाताच्या टाचेनं ठोकण्याचं काम करणाऱ्यांना, किंवा तिथे गाठ झाली असेल तर. मात्र ती कोपरात दबण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. फरक घरी ओळखता येतो. करंगळीच्या बाजूची हाताची मागची कातडीही बधिर असेल तर दोष बहुधा मनगटाच्या वर आहे.
- अंगठ्याच्या मागची कातडी: पाटल्या, कडं किंवा घड्याळाचा पट्टा फार घट्ट आहे का ते आधी पाहा. तिथून रेडियल नसेची कातडीतली फांदी जाते. काही आठवडे ते काढून ठेवणं हाच पहिला उपचार.
- दोन्ही पाय आधी, मग हात: हे मनगटाचं नाही. मधुमेह आणि बी-१२ची कमतरता तपासून घ्या.
- मान वळवली की खांद्यातून कळ खाली उतरते: मानेकडे बघायला हवं. पण पन्नाशीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये काही ना काही झीज बहुतेकांच्या दिसते. अहवालात मणका घासलेला दिसला म्हणून मुंग्या त्याच्याचमुळे, असं ठरत नाही. वर्षभर मानेला वजनं लावून झाल्यावर दोष मनगटात सापडलेले रुग्ण थोडे नाहीत.

एक गोष्ट यादीत न घालता वेगळी सांगतो. हातावर किंवा अंगावर कुठेही फिकट वा लालसर चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, कोपराच्या आतल्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागत असेल किंवा करंगळी-अनामिका वाकडी होऊ लागली असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करून घ्या. हा रोग महाराष्ट्रातून गेलेला नाही, आणि शहरातल्या सुशिक्षित घरात तो कुणाच्या डोक्यातच येत नाही. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. नस कायमची जायच्या आत पोचणं महत्त्वाचं.

बोगद्यात नेमकं काय होतं

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला आठ छोट्या हाडांची पन्हळ आहे आणि तिच्यावर जाड, न ताणणारा पट्टा. या बोगद्यातून बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस. दोऱ्यांच्या वेष्टनाला थोडी जरी सूज आली तरी चेंगरते ती नस. मनगट वाकलं की दाब आणखी वाढतो. झोपेत आपण मनगट दुमडून उशाशी घेतो, म्हणून त्रास रात्रीचा. वाहन चालवताना, फोन कानाला धरताना, पेपर उघडून वाचताना मुंग्या येतात त्याही याचमुळे.

पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे बरंच जास्त आढळतं. गरोदरपणाचे शेवटचे महिने, थायरॉइड कमी असणं, मधुमेह, संधिवात, वाढलेलं वजन, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, दीर्घकाळचं डायलिसिस ही नेहमीची कारणं. काहींना कारण सापडतच नाही. कामाचं म्हणाल तर जोर लावून पुन्हा पुन्हा मूठ आवळण्याची आणि थरथरणारी यंत्रं धरण्याची कामं खरी त्रासदायक: ड्रिल, ब्रेकर, ग्राइंडर. संगणकाच्या की-बोर्डला मात्र त्याच्या वाट्यापेक्षा जास्त दोष मिळतो. टायपिंगविरुद्धचा पुरावा त्या मानानं कच्चा आहे. रोज तीस-चाळीस भाकऱ्या थापणाऱ्या खानावळीतल्या बाईंना ‘कॉम्प्युटरचा आजार’ कसा झाला, असं कुणी विचारू नये.

थांबता येईल की नाही?

- मुंग्या फक्त रात्री, हात झटकला की पूर्ण जातात: सौम्य. घाई नाही, पण दुर्लक्षही नाही.
- दिवसाही येतात, ब्लाउजचे हूक, शर्टाची बटणं, सुईत दोरा अवघड जातं, हातातून कपबशी निसटते: मध्यम. महिनाभरात तज्ज्ञांना दाखवा.
- बोटांची टोकं सतत बधिर, किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झालाय: गंभीर. दोन्ही तळहात शेजारी ठेवून बघा, फरक दिसतो. इथे मनगटाला बांधायचे पट्टे आणि गोळ्या यांत महिने घालवू नका.

या तिसऱ्या टप्प्यात एक फसवी गोष्ट घडते. नस फार दबली की दुखणं कमी होतं. रुग्ण म्हणतो, ‘आता रात्री उठावं लागत नाही, बरं आहे.’ रात्रीची जाग गेली पण बोटं बधिर राहिली, तर ते बरं होणं नव्हे.

आणि एक तातडीची परिस्थिती. पडून मनगट मोडलं किंवा चेंगरलं, आणि त्यानंतर काही तासांत बोटं वेगानं बधिर होत चालली, दुखणं वाढत चाललं, तर सकाळची वाट पाहू नका. प्लास्टर घातलेलं असलं तरी त्याच रात्री रुग्णालयात जा.

कुणाकडे जायचं, काय तपासायचं

अस्थिरोगतज्ज्ञ, हाताचे सर्जन, प्लास्टिक सर्जन किंवा न्यूरोलॉजिस्ट, यांपैकी कुणीही निदान करू शकतं. तालुक्याच्या गावी बहुधा अस्थिरोगतज्ज्ञच भेटतील, आणि या आजारासाठी ते पुरेसे आहेत. डॉक्टर मनगट वाकवून मिनिटभर धरायला सांगतील, मनगटावर टिचकी मारतील, अंगठ्यानं बोगद्यावर दाब देतील. मिनिटभर मनगटं खाली वाकवून मुंग्या येतात का, हे घरीही करून पाहता येतं. पण एवढ्यावर निकाल लावू नका. निरोगी माणसालाही यात कधी मुंग्या येतात.

रक्तातून साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. त्यानंतरची मुख्य तपासणी एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगानं जातो याचं मोजमाप. जाताना लक्षात ठेवा:

- त्या दिवशी हाताला तेल, क्रीम, मलम लावू नका. अंगठ्या-बांगड्या काढून जा.
- हात गार असेल तर नस मुळातच संथ वाटते. एसीच्या खोलीत तासभर बसवलं असेल तर तपासणीआधी हात ऊबदार करून घ्यायला सांगा.
- दोन्ही हातांची तपासणी मागा, आणि अल्नर नसेचीही. तुलनेशिवाय आकडे अर्धवट बोलतात.
- पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. कधी कधी सोबत सुईची ईएमजी तपासणीही करतात.

छोटे विजेचे झटके बसतात, बहुतेकांना सोसवतात. अहवाल नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं नाही. सुरुवातीच्या काही रुग्णांत तो नॉर्मलच येतो. हल्ली सोनोग्राफीतही सुजलेली नस दिसते. मनगटाचा एमआरआय मात्र बहुतेकांना लागत नाही. कुणी सांगितला तर कशासाठी ते विचारा.

पट्टा: स्वस्त, आणि बहुतेक वेळा चुकीचा लावलेला

सौम्य-मध्यम त्रासात पहिला उपचार रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. काही शे रुपयांत मेडिकलच्या दुकानात मिळतो, आणि निम्मी मेख इथेच आहे. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट वरच्या दिशेला वाकवणारी असते, कारण तो मुरगळलेल्या मनगटासाठी बनवलेला असतो. आपल्याला मनगट हवं अगदी सरळ, ना वर ना खाली. ती पट्टी खाचेतून बाहेर काढा, टेबलावर दाबून सपाट करा, परत घाला.

- रोज रात्री, सलग किमान सहा आठवडे. चार रात्री लावून ‘फरक नाही’ म्हणू नका.
- बोटं मोकळी हवीत. सगळी मूठ वळता आली पाहिजे.
- फार आवळू नका. पट्ट्यानंच मुंग्या वाढल्या तर तो घट्ट आहे.
- दिवसभर लावून काम करू नका, मनगट आखडतं. वाहन चालवताना किंवा तासन् तास फोन धरताना लावायला हरकत नाही.
- इलॅस्टिकची गुंडाळायची क्रेप पट्टी किंवा तांब्याचं कडं या कामाचं नाही.

गरोदर स्त्रियांसाठी पट्टा हाच मुख्य उपचार. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुतेकींचा त्रास उतरतो, म्हणून ऑपरेशनची घाई नको. बाळाला एका हातावर तोलून पाजताना मनगट दुमडतं, तेव्हा खाली उशी घ्या.

घरकाम बंद करा असा सल्ला मी देणार नाही, कारण तो कुणी पाळत नाही. पण पिळा देऊन कपडे पिळणं, ओली चादर झटकणं, खलबत्ता, कणकेचा मोठा गोळा एका दमात मळणं ही कामं काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या. घरात ‘दुसरं कुणी’ असतंच, फक्त सांगायला हवं.

गोळ्या आणि इंजेक्शन

वेदनाशामक गोळ्यांनी दबलेली नस मोकळी होत नाही; सूज ओसरावी म्हणून लघवीच्या गोळ्या देण्याचाही फायदा दिसलेला नाही. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी गुंगी येते, मुळावर परिणाम नाही. बी-१२ कमी असेल तर ते घ्यावंच. पण ‘नसांचं टॉनिक’ म्हणून बी-६चा मोठा डोस महिनोन् महिने घेणं धोक्याचं, कारण जास्तीचं बी-६ स्वतःच नसांना इजा करतं आणि मुंग्या आणतं. स्ट्रिपच्या मागे पायरिडॉक्सिन किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा, आणि दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच दोनदा तर जात नाही ना, तेही पाहा.

स्टेरॉइडचं एक इंजेक्शन बोगद्याजवळ देतात. त्याचा आराम पट्ट्यापेक्षा लवकर मिळतो. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन सरस ठरलं, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच. म्हणजे तात्पुरती सोय म्हणून ते चांगलं: लग्नसराई, परीक्षा, सुगी किंवा बाळंतपण पार पडेपर्यंत. काहींना एवढंच पुरतं, अनेकांचा त्रास वर्षभरात परततो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, रोज मोजा. सुई टोचताना बोटांत विजेसारखी कळ गेली तर हात न हलवता लगेच सांगा. सुई नसेला लागत असते. तिसरं-चौथं इंजेक्शन कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. आणि इंजेक्शन आपल्याला उपयोगी पडलं का, हे पुढच्या डॉक्टरांना नक्की सांगा. पडलं असेल तर निदान बरोबर असल्याची ती चांगली खूण.

‘नस बसवणाऱ्या’कडे जाण्याबद्दलही पत्रं येतात. तेल लावून हलक्या हातानं चोळलं तर बरं वाटेल, बिघडणार नाही. पण मनगट दाबून कट्कन आवाज काढणं टाळा. तिथे बसवण्यासारखं काही निसटलेलं नसतं.

ऑपरेशन: भीती कशाची, प्रश्न कुठले

सगळ्यात मोठा गैरसमज: ‘नस कापतात.’ नस कापत नाहीत. बोगद्यावरचा पट्टा उभा कापून छत उघडतात. पट्ट्याची दोन टोकं थोडी दूर सरकून भरून येतात आणि नसेला जागा मिळते. बहुधा फक्त हात बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. तळहातावर छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून करतात. दुर्बिणीनं कामावर थोडं लवकर परतता येतं. वर्षभरानंतर दोन्हींचा निकाल सारखाच. म्हणून दुर्बिणीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ज्या सर्जननं ही ऑपरेशनं नियमित केली आहेत त्यांची निवड करा.

सही करण्याआधी विचारा:

- माझा आजार सौम्य, मध्यम की गंभीर? ऑपरेशन न करता सहा महिने थांबलो तर काय होईल?
- नसेला इजा, जंतुसंसर्ग, पट्टा अर्धवट कापला जाणं, हात दीर्घकाळ दुखत राहणं या शक्यता माझ्या बाबतीत किती?
- माझा अंगठ्याचा उंचवटा भरून येईल का? (फार झिजला असेल तर येईलच असं नाही. हे आधी ऐकलेलं बरं.)
- दोन्ही हातांना त्रास असेल तर एकदम की एकेक?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना आपला दिवस डोळ्यांसमोर आणा. उजवा हात बांधला तर जेवण आणि डावा बांधला तर शौचाचं पाणी, हे कुणी आधी बोलत नाही. दोन्ही एकदम केले तर काही दिवस घरात मदतीला माणूस हवाच. एकटे राहत असाल तर एकेक करा.

पैसे, विमा आणि तुमचे हक्क

- मेडिक्लेम: चोवीस तास दाखल नसलात तरी डे-केअर म्हणून दावा होऊ शकतो. पण तेच ऑपरेशन ओपीडीच्या खोलीत झालं आणि बिल ओपीडीचं निघालं तर कंपनी नाकारू शकते. तारीख ठरवण्याआधी पूर्वमंजुरी घ्या. पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षाकाळ पाहा. आधीपासूनच्या आजारासाठी तो आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. पहिल्या लक्षणाची तारीख लपवू नका. केसपेपरवर डॉक्टरांनी ‘तीन वर्षांपासून त्रास’ लिहिलेलं असतं आणि कंपनी तेच वाचते.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: मान्यताप्राप्त रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि हे ऑपरेशन तिथल्या पॅकेजमध्ये बसतं का ते दाखल होण्याआधी विचारा. आधी पैसे भरून मागाहून परत मागणं सोपं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागांचा पर्यायही विसरू नका.
- ईएसआय: पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर उपचार तर मिळतातच, शिवाय वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर रजेच्या काळात पगाराच्या ७० टक्के आजारभत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ठेकेदार ‘आपलं ईएसआय नाही’ म्हणाला तरी पगारपत्रकातली कपात बघा.
- कागद आणि दर: आपल्या नोंदींच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्रात २०२१च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचं असतं. दिसलं नाही तर काउंटरवर विचारा. दुसरं मत घेण्याला कुणी ‘विश्वास नाही का?’ म्हटलं तरी तो आपला हक्क आहे.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस हात छातीच्या वर, उशांवर. बोटांची हालचाल त्याच संध्याकाळपासून: मूठ वळा, उघडा, दर तासाला दहा वेळा. गळ्यात झोळी अडकवून आठवडाभर हात लटकवला तर बोटं आखडतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर हात कोरडा. ताप, वाढती लाली, पू किंवा बोटं अचानक पार बधिर झाली तर लगेच दाखवा.

टेबलावरचं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. स्कूटर-मोटारसायकल क्लच आणि ब्रेक न दुखता पूर्ण दाबता आल्यावरच. ओझी, मशीन, भाकऱ्या यांना सहा आठवडे, कधी जास्तही. तळहाताच्या टाचेजवळ दोन्ही बाजूंना दुखणं राहतं, विशेषतः जमिनीवर हात टेकून उठताना. ते ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही. काही आठवड्यांत, काहींना तीनेक महिन्यांत जातं. तोवर उठताना मूठ टेका, पंजा नको.

रात्रीच्या मुंग्या अनेकांच्या पहिल्याच आठवड्यात जातात. बधिरपणा मात्र हळू जातो. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर पंधरा-अठरा सेंटिमीटर. हिशेब सहा महिन्यांचा निघतो. एवढ्या काळात काहीच फरक पडला नाही, किंवा बरं होऊन परत सुरू झालं, तर एनसीव्ही पुन्हा करतात. नवे आकडे जुन्यांशी ताडूनच बोगद्यावरचा पट्टा अर्धवट कापायचा राहिलाय का ते कळतं, तेव्हा ऑपरेशनआधीचा तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.